आक्कांच्या विहिरीचा वास

मातीचा नमुना भरलेल्या बाटलीला मुदत असते. ठरलेल्या दिवसांत लॅबनं ती तपासली नाही तर बाद! फेकून द्या, पुन्हा खणा. किस्स्यांना मेली मुदतच नाही. ते साठतच राहतात. आमच्या पेणच्या ऑफिसात आजही कोणी नुसतं 'पापलेट' म्हणालं तर कर्णिक सरांना अचानक बाहेरचं काम आठवतं. का, ते सांगते. पण ओळीनं सांगते, नाहीतर माझाच घोळ होईल.

आधी आमचं काम काय ते ऐका, कारण माझ्या सासूबाईंनाही ते अजून नीट कळलेलं नाही. त्या शेजारणींना सांगतात, "सून खड्डे खणते." पेट्रोलपंपाची जमिनीतली टाकी गळते, ट्रकतळावर डिझेल सांडत राहतं, आणि ते सगळं मातीत मुरतं. ते कुठवर मुरलंय हे आम्ही शोधतो. हातानं फिरवायचा ऑगर असतो, म्हणजे माणसाएवढं गिरमिटच. त्यानं माती वर काढायची, थोडी झिपच्या पिशवीत भरायची, पिशवी बंद करायची आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. मातीत पेट्रोल असेल तर त्याची वाफ पिशवीत जमते. मग मीटरची नळी आत खुपसायची. आकडा चढला की समजायचं, इथं आहे. ती माती बाटलीत, बाटली बर्फाच्या पेटीत, पेटी मुंबईच्या लॅबला. झालं!

माणसं चार. कर्णिक सर आमचे साहेब. ऑगर फिरवणारे हसनभाई म्हसळ्याचे, दंड असे की दाराची कडी लावताना कडीच हातात येते. गाडी चालवणारा घरत उरणचा, पूर्वी न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, त्यामुळे आमची साधी बोलेरोसुद्धा तो वळवताना चाळीस फुटी समजून वळवतो. आणि चौथी मी. माझा स्वभाव तापट आहे असं हे तिघं म्हणतात. त्यांच्याबरोबर राहून कोणाचा थंड राहील?

*

बोर्ली पंचतनच्या पुढे, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बंद पडलेला पंप होता. मालक कधीच निघून गेलेला, टाकी मात्र जमिनीत. आम्ही पहिल्यांदा तिथं खणायला लागलो तर तासाभरात सगळं गाव जमा!

एक आजोबा पुढे आले. "काय शोधताव?"

"पेट्रोल," मी म्हटलं. खरं तेच होतं.

थोड्या वेळानं मीटर ओरडायला लागलं. आजोबा गर्दीकडे वळून म्हणाले, "निघालं!"

आणि जी काय पळापळ झाली! संध्याकाळी बोर्लीच्या बाजारात चहाला थांबलो तर टपरीवाला मला विचारतो, "मॅडम, आमच्याकडं पेट्रोल लागलंय म्हणतात. जमीन आता इकू की थांबू?"

मी पाऊण तास त्याला समजावलं, की बाबा रे, ते आपलंच सांडलेलं पेट्रोल आहे, ते असणं वाईट आहे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पैसे देताना हळूच म्हणाला, "तुमी सांगणार न्हाय, ते समजतंय मला. सरकारी माणूस कंदी खरं सांगतो?"

आम्ही सरकारी नाही, हे मी सांगायचं सोडून दिलं.

*

त्या पंपाच्या मागे आक्कांचं घर. आणि पंपाला सगळ्यात जवळ काय, तर आक्कांची विहीर!

आक्का हरिहरेश्वरला जाणाऱ्या लोकांना जेवण करून घालत. उकडीचे मोदक सांगून ठेवावे लागत. वास पहिल्यांदा त्यांनाच आला, आणि तो पाण्याला नाही, उकडीला आला. तांदळाच्या पिठाला रॉकेलसारखा वास! त्यांनी पीठ बदललं, पातेलं बदललं, चूल बदलली, शेवटी विहिरीत डोकावल्या. मग तपासणी झाली, टाकी काढली, काळी माती ट्रक भरभरून नेली आणि विहिरीच्या कठड्यावर लाल रंगात लिहिलं गेलं: पाणी पिऊ नये. तेव्हापासून आक्का टँकरवर.

माहेरी-सासरी कुठंही तहानलेला माणूस दारात आला की आधी पाण्याचा तांब्या येतो. आक्का आम्हाला पाणी देत नसत! पहिल्या दिवशी मला फार लागलं. एवढ्या उन्हात उभे होतो. दुसऱ्या खेपेला त्याच म्हणाल्या, "राग नको मानू पोरी. माझ्या घरात पाहुण्याला द्यायला पाणी न्हाय. हाय ते टँकरचं. माझी हीर मला परत मिळंल, त्या दिवशी पाणी पन देईन आन् चा पन."

मग आम्ही आमच्या बाटल्या घेऊन जायचो आणि घोट घेताना चोरासारखं तोंड फिरवायचो. मला आक्का फार आवडायच्या, आणि तितकीच त्यांची भीतीही वाटायची.

दर खेपेला त्यांचा एकच प्रश्न. "साहेब, पिऊ का?"

आता आमचे कर्णिक सर म्हणजे काय सांगू! आमच्या धंद्यात सरळ बोलायची चोरी, कारण बोललेलं अंगाशी येतं. पण सरांनी ते घरापर्यंत नेलंय. घरी बायकोनं विचारलं, आमटी कशी झालीये, तर म्हणतात, "सध्या उपलब्ध असलेल्या माहितीनुसार बरी आहे." आक्कांना ते म्हणायचे, "प्रमाण कमी होत असल्याचं प्रथमदर्शनी दिसतंय."

आक्का ऐकून घ्यायच्या. "व्हय. पन पिऊ का?"

"अंतिम निष्कर्षाला अजून—"

"म्हंजे नको," आक्का म्हणायच्या आणि आत जायच्या.

*

मीटर रोज सकाळी स्वच्छ हवेत धरून शून्यावर आणावं लागतं. साधी गोष्ट. पण आमचं ऑफिस आहे पेणला, आणि खालच्या मजल्यावर गणपतीचा कारखाना! मे महिन्यापासून तिथं रंगाचे फवारे सुरू. पेट्रोलच्या वाफेला जसं मीटर चढतं, तसंच रंगातल्या थिनरलाही चढतं. मी खिडकीत उभी राहून मीटर धरते, आकडा काही शून्यावर येईना. गच्चीवर गेले, तरी येईना.

खाली जाऊन कारखानदाराला म्हटलं, "दादा, पंधरा मिनिटं फवारा बंद कराल का? मला शून्य हवंय."

त्यानं हातातला गणपती बाजूला ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, आजवर याच्यासमोर हात जोडून कोणी शून्य मागितलेलं नाही. तुम्हीच पहिल्या!"

तेव्हापासून आम्ही शून्य घ्यायला गाडी काढून खाडीच्या पुलापर्यंत जातो. वॉचमन विचारतो, कुठं? घरत सांगतो, "काय नाय, जरा शून्य घेऊन येतो." वॉचमन आता विचारत नाही.

*

हसनभाईंचा मीटरवर विश्वास नाही. नाकावर आहे. "मॅडम, मशीन बॅटरीवर चालतं. हे नाक खुदानं दिलंय, चार्जिंग लागत नाही." माती थेट हुंगायची नाही असा नियम आहे, तब्येतीला वाईट असतं ते. सर ओरडतात, मी ओरडते. हसनभाई ऑगर पुसण्याच्या निमित्तानं वाकतात आणि हुंगतात.

न्हावा शेव्याच्या बाजूला एका ट्रकतळावर काम होतं. पहिल्याच भोकात हसनभाई म्हणाले, "डिझेल! सॉलिड डिझेल!" मीटर गप्प. "मशीन बिघडलं," हसनभाई म्हणाले. दुसऱ्या भोकातही तेच, तिसऱ्यातही तेच. हसनभाई वासाच्या मागे मागे चाललेत, आम्ही हसनभाईंच्या मागे मागे, आणि पार कंपाउंडच्या भिंतीला टेकलो तरी मीटरचा आकडा हलायला तयार नाही. माझा पारा मात्र चढलेला!

"हसनभाई, अख्ख्या तळाखाली डिझेल आहे आणि वास एकट्या तुम्हालाच येतोय?"

"कसम से मॅडम, आता तर जास्तच येतोय!"

घरत इतका वेळ बिडी न ओढता आल्यामुळे वैतागून बसला होता. तो उठला, माझ्या हातातलं मीटर घेतलं आणि सरळ हसनभाईंच्या मिशीला लावलं. मीटर असं किंचाळलं म्हणता!

सकाळी एका ट्रेलरवाल्यानं तोंड पुसायला फडकं दिलं होतं. ते इंजिनावरचं होतं.

घरतनं कर्णिक सरांना हाक मारली, "साहेब, गळती सापडली! बाटली आणा!"

*

घरतनं फार हसू नये. त्याचाही नंबर लागलाच.

आक्कांच्या परसात माती जवळजवळ स्वच्छ झाल्यावरची गोष्ट. आकडे कमी कमी होत आलेले. आक्का पिशवीसमोर आमच्याबरोबर बसायच्या, दहा मिनिटं, अगदी दूध उतू जाईल की काय अशा नजरेनं. त्या दिवशी नळी आत घालायच्या आधीच मीटर चढलं. आणि चढतच गेलं! सरांचा चेहरा उतरला. आक्कांनी पदर तोंडाला लावला.

मी जागा बदलली, तरी तेच. घराच्या वरच्या अंगाला गेले, जिथं काही असणं शक्यच नाही, तिथंही तेच! आणि माझ्या मागे मागे मदतीला आलेला घरत. मी गर्रकन वळले. "घरत, अंगाला काय लावलंयस?"

"काय नाय मॅडम. गाडीतला परफ्यूम सांडला शर्टावर. जास्मिन हाय."

जास्मिन हाय म्हणे! मी त्याला जे काही बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून घरतला आक्कांच्या आवारात बंदी. लांब फणसाखाली गाडी लावायची आणि तिथंच बसायचं.

आक्का मात्र त्या दिवशी माझ्याजवळ बसून राहिल्या. वरच्या वाडीतली चांगली माती मी दर खेपेला एका वेगळ्या बाटलीत का भरते, ते त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, "आक्का, तिला आम्ही ब्लँक म्हणतो. तिच्यात काही नाही हे आधीच माहीत असतं. बाकीच्यांचं काय झालंय ते तिच्याशी ताडून बघायचं."

आक्कांनी मान डोलावली. "म्हंजे ज्याला कायबी झालेलं न्हाय, असा एक बाजूला ठेवायचा."

"अगदी बरोबर."

"ब्येस हाय," आक्का म्हणाल्या.

*

आता पापलेट.

विहीर परत द्यायची तर वर्षभर, प्रत्येक मोसमात, पाणी स्वच्छ आलं पाहिजे. शेवटची फेरी भर उन्हाळ्यातली, पाणी अगदी तळाला गेल्यावरची. ती एकच राहिली होती! मी विहिरीचं पाणी बाटल्यांत भरलं, बर्फाच्या पेटीत ठेवलं. पेटीच्या झाकणावर सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: या पेटीत नमुन्यांशिवाय काहीही ठेवू नये. हसनभाईंनी एकदा थंड होईल म्हणून ताकाची पिशवी ठेवली होती, तर सरांनी सगळ्यांना उभं करून अर्धा तास भाषण दिलं होतं.

परतीच्या वाटेवर जेट्टीजवळ सर म्हणाले, "घरत, जरा थांबव." गेले, आले. मी मागे डुलकी काढत होते. पेणला पोचल्यावर सर पिशवी घेऊन घरी गेले आणि पेटी त्याच गाडीनं मुंबईला गेली.

सकाळी लॅबमधल्या मुलीचा फोन. आवाज अगदी गंभीर. "मॅडम, तुमच्या यादीत विहिरीचं पाणी आहे."

"हो. मग?"

"पण मॅडम, एक सॅम्पल आमच्याकडे बघतंय."

सरांनी दोन पापलेटं घेऊन पिशवी गुपचूप बर्फाच्या पेटीत ठेवली होती. पिशवीतून एक निसटून बर्फाखाली गेलं होतं! पेटीत परकी वस्तू सापडली की सगळे नमुने बाद. पुन्हा जायचं ठरवलं तोवर वळीव कोसळला, पाठोपाठ पाऊस लागला, विहीर भरली. उन्हाळ्यातलं पाणी आता पुढच्या उन्हाळ्यातच मिळणार. एक पापलेट, आणि आक्कांचं अख्खं वर्ष गेलं.

मला इतका संताप आला होता की मी सरांशी बोलत नव्हते. सरांना भूक नव्हती. ते म्हणाले, "मीच जाऊन सांगतो." भर पावसात गेलो. सर पडवीत उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा 'प्रथमदर्शनी' न म्हणता सगळं सांगून मोकळे झाले. चूक माझी, मासा माझा.

पागोळ्या गळत होत्या. मला वाटलं, आता हाकलतात.

"साहेब," आक्का म्हणाल्या, "केवढा हुता?"

"काय?"

"पापलेट."

सरांनी बिचाऱ्यांनी दोन्ही हातांनी दाखवला.

आक्कांनी तो मनात मोजला. "मग ठीक हाय. बोंबलापायी माझी हीर अडली असती, तर दारात उभं केलं नसतं तुमाला."

*

पुढच्या उन्हाळ्यात सरांनी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. रिपोर्ट आला. स्वच्छ! मी फोन करणार होते, सर म्हणाले नको, जाऊ.

आक्का पडवीत बसल्या होत्या. विहिरीजवळ नवा दोर आणि घासून लख्ख केलेली कळशी. दोन महिन्यांपूर्वीच आणून ठेवली होती म्हणे. सरांनी चष्मा लावला, कागद उघडला. "तर सर्व घटक विहित मर्यादेच्या—"

"साहेब, पिऊ का?"

"म्हणजे सध्या उपलब्ध असलेल्या..." सर थांबले. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि उठून थेट विहिरीवर गेले. कळशी सोडली. या माणसानं जन्मात पाणी शेंदलेलं नसावं, अर्धी कळशी पँटीवर! उरलेली तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायले. मग मी प्यायले. मग हसनभाई. हसनभाईंनी आधी हुंगलं, पण त्या दिवशी कोणी ओरडलं नाही.

सर तोंड पुसत आक्कांना म्हणाले, "प्या."

एवढंच. पुढे काही जोडलं नाही.

आक्का उठल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बसा तिघं. धा मिंटं थांबायचं."

आम्ही ओळीनं पडवीत बसलो. आक्का समोर. पिशवीकडे बघायच्या तशाच आमच्याकडे बघत होत्या. हसनभाईंना ठसका आला तर त्यांनी तो गिळला. वेळ भरली तशा आक्का विहिरीवर गेल्या, कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि डोळे मिटून सावकाश प्यायल्या. ओली ओंजळ तशीच तोंडावर धरून उभ्या राहिल्या.

"तीच हाय," म्हणाल्या. "तीच हाय माझी."

मला रडू आलं. सर कागद शोधायला लागले, जो खिशातच होता.

मग चहा आला. स्टीलच्या पेल्यांतून, आलं घालून, विहिरीच्या पाण्याचा. आक्कांनी स्वतः फणसाकडे हाक मारली, "ये रं ड्रायव्हर, आज ये वर!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरत पडवीत बसला, शर्ट हुंगून खात्री करून. आक्कांनी आम्हा तिघांना चहा दिला, स्वतःचा पेला भरला. मग आत गेल्या आणि दुसऱ्या पातेल्यातला चहा आणून घरतच्या पेल्यात ओतला.

घरत पेल्यात बघतो, आमच्याकडे बघतो. "आक्का, माझा येगळा का?"

"तुजा टँकरच्या पान्याचा हाय."

"का वो आक्का? मीच काय घोडं मारलंय तुमचं?"

"सगळ्यांनी पिऊन कसं चालंल?" आक्का म्हणाल्या. "ज्याला कायबी झालेलं न्हाय, असा एक बाजूला ठेवायचा. आन् ह्या तिघांना पेणला कोन न्हेनार?"